हजेरीपटावरचा खलाशी

चरावण्याचा शाणू माजिक कंपनीत लागला
तेव्हा पटावर त्याच्या नावापुढे मीच लिहिलं :
खलाशी, बार्ज क्रमांक चार.
नदी त्याने पाहिली होती ती गुडघाभर,
धोंड्यावरून धोंड्यावर उडी मारत ओलांडायची.
पोहता येत नव्हतं.
पगार एकशे दहा, आणि काम एकच :
रविवारी चेंडू टाकायचा.

सदुसष्ट साल. पणजीच्या क्लबाला एकदा तरी
लोळवायचंच, म्हणून साहेब पेटलेले,
आणि कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की
सत्तरीत एक पोर आहे, काजूच्या बागेत माकडांना धोंडा मारतं
तेव्हा आधी फांदी मोडते, मग आवाज येतो.
हे खोटं. शाणूनेच मला सांगितलं,
"माकडाक कित्याक मारूं? कुशीच्या बोंडाक मारतालों."
तेवढं त्यांना पुरायचं.

पहिला पगार घेऊन तो घरी गेला,
तर आईने नोटांना हात लावला नाही.
कुणाचं उचललंस, एवढंच विचारलं.
चेंडू फेकल्याचे पैसे मिळतात
हे पटायला तिला दोन पावसाळे लागले.
तिचा भाऊ तर वाळपईपर्यंत चालत आला,
असली नोकरी सरकारमान्य असते का, विचारायला.

डिचोलीचं मैदान. काथ्याची मॅटिंग,
चारी कोपऱ्यांत खिळे, भोवती खनिजाची तांबडी धूळ.
सोळा पावलं, अनवाणी.
सोळाव्यावर तो किंचित थांबल्यासारखा वाटायचा,
थांबायचा नाही,
आणि मागे विकेटकीपर हात झटकत उभा.
वही माझ्याकडे असायची.
पणजीवाल्यांविरुद्ध : सात बळी, अकरा धावा.
त्या अकरांतल्या चार बाय होत्या,
घाईत मी त्याच्या नावावर मांडल्या.
अजून टोचतं ते.
पेपरात नाव आलं, शाणू माणिक.
त्याने ते कापून ठेवलं तसंच,
म्हणाला, फोटो नाहीच आहे, मग कुणाला कळतंय.

साहेबांनी म्हापशाहून बूट आणवले. एक नंबर मोठे.
पायांत घालून तो सोळा पावलं मोजायला गेला,
चौदाच भरली.

तिसऱ्या मोसमात हुबळी. ऊन असं
की चेंडूची शिवण बोटांना चिकटायची.
कप्तानाने त्याला सत्तावीस षटकं टाकायला लावली,
मी वहीत ठिपके देत गेलो, ठिपका, ठिपका,
आणि एका ठिपक्यानंतर
तो खांदा धरून खाली बसला.
तो ठिपका कुठला, हे मला वही न उघडता सांगता येतं.

केरीच्या वैद्याचं तेल झालं, मडगावचा डॉक्टर झाला.
मग धारवाडचा एक मुलगा आला.
त्याला पटावर मी कंपाउंडर लिहिलं.
शाणूचं काय करायचं, मी साहेबांना विचारलं.
त्यांनी पट मागवला, बोट ठेवलं :
"खलाशी आहे ना? मग जाऊ दे बार्जवर."
एक अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही.

पुढे बरीच वर्षं मी धक्क्यावर गेलोच नाही.
कामच नव्हतं, असं म्हणत असे.
निवृत्तीच्या आधी एकदा सारमानसला जावं लागलं, पावत्यांसाठी.
भरती होती. चार नंबर हळूहळू कडेला येत होती,
आणि नाकाडावर तो, केस पांढरे, पाय उघडेच.
हात खांद्यावर जात नव्हता त्याचा.
दोर त्याने खालून टाकला, मांडीच्या उंचीवरून,
आणि फास गेला तो नेमका लोखंडी खुंटात,
खुंटाला न शिवता.
माझा हात खिशात गेला. पेन्सिल नव्हती.

चहा घेताना विचारलं,
पोहायला शिकलास की नाही शेवटी?
"ना," तो म्हणाला, बशीत फुंकर घालत.
"केन्नाच पडूंक ना."